तीन आणि पाचच्या मधली जागा

या, अगदी जवळ बसा. चित्त इकडेच ठेवा. घडलं तेच सांगते, पदरचं एक अक्षर नाही.

मकाव. मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे तीन.

पत्ते वाटायला शिकवणाऱ्या शाळेत माझी परीक्षा होती. दोनदा नापास झाले होते. ही शेवटची संधी.

थोरली बहीण, वाय-कुनताई, कॅसिनोत बकारा हा पत्त्यांचा जुगार खेळवायची. घरी जेवणाच्या टेबलावर मला तिनेच शिकवलं.

"चित्रं आणि दश्शी म्हणजे शून्य. बेरीज नऊच्या जवळ, तो जिंकला. दहाच्या वर गेली तर दहा सोडून द्यायचे. खेळणाऱ्याचे पाच किंवा कमी भरले, तर तिसरं पान. एवढंही डोक्यात शिरत नाही, बधिरे?"

मी विसरले की ती बोटाने टेबल वाजवायची. दोनदाच. टक टक.

ताई जाऊन सातवा आठवडा चालू होता. गेलेलं माणूस सात आठवडे घराभोवतीच असतं, असं आई म्हणते. मी रडले नव्हते. काही वाटतच नव्हतं.

आमच्या टेबलांवर चार नंबरची जागा नसते. अशुभ; आमच्या भाषेत 'चार' हे 'मरण'सारखं ऐकू येतं. तीननंतर थेट पाच.

त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "चार नंबर." दोन पालथी पानं मी मधल्या रिकाम्या जागेपुढे सरकवली.

परीक्षक लौ सर म्हणाले, "पोरी, तिथे कोण बसलंय? तुझे पणजोबा?"

खेळणारे म्हणून बसवलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हसलं नाही.

पानं उलटायला हात पुढे केला, तर...

कोपरे वर वळलेले. खेळणारे कडेने हळूहळू उचलून डोकावतात, तसे.

राजा. पंजी. पाच भरले.

पुढे काय, आठवेना. "बास" ओठांवर आलं. म्हणाले असते तर संपलं होतं.

आणि...

टक.

टक.

टक.

हात आपोआप पत्त्यांच्या पेटीकडे गेला. तिसरं पान निघालं.

चौकी. नऊ.

सर बराच वेळ त्या जागेकडे बघत होते. "जागेचे गुण कापले. पण पास," ते म्हणाले. मग हळूच, "टेबल कुणी वाजवलं?"

सगळ्यांचे हात मांडीवर होते.

आता मी रोज टेबलापाशी उभी असते. तीन म्हणते... पाच म्हणते. मधे बघत नाही.

आई म्हणते, "ताईच आली असेल गं. तुझी काळजी होती तिला."

मी हो म्हणते. ताई दोनदाच वाजवायची, हे आईला सांगितलेलं नाही.

आज देवापुढे दिवा लावाल, तेव्हा माझ्या वाय-कुनताईची आठवण करा.

आणि तिसरं टक ज्याचं होतं... त्याच्यासाठीही हात जोडा.