कठड्याचा महिना

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. अंधार लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं.

ही गोष्ट दुपारची आहे. लख्ख उन्हातली, सुट्टीच्या दिवशीची.

आणि खरी आहे. ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही. जिच्यावर बेतली ती माझी सख्खी मावसबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. तिला खोटं बोलता येत नाही. त्यापायी नवरा टिकला नाही, मैत्रिणी टिकल्या नाहीत.

ताई एका बांधकाम कंपनीत नियोजनाचं काम करायची. म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. इमारत काही एका दिवसात उभी राहत नाही. खर्च एकदम होत नाही, पैसेही एकदम येत नाहीत. कुठल्या महिन्यात किती जाणार आणि किती येणार, ते सॉफ्टवेअरमध्ये महिन्यांच्या चौकटींत मांडायचं. एक बटण दाबलं की सगळी रक्कम सगळ्या महिन्यांत सारखी पसरते, भिंतीवर चुना पसरावा तशी. दुसरं दाबलं की आधी थोडी, मध्ये भरपूर, शेवटी थोडी. हे नको असेल त्याने चौकटीत आकडा हाताने भरायचा. हाताने भरला की कोपऱ्यात बारीकसं कुलूप दिसतं.

ते कुलूप लक्षात ठेवा.

ताईला हे काम अण्णांनी शिकवलं. ऑफिसातलं सगळ्यात जुनं खोड. त्या बटणांवर त्यांचा भयंकर राग. सगळे आकडे हाताने भरायचे.

"पोरी, चौकटीत पैसे नाही ठेवायचे, माणूस ठेवायचा. सळई बांधणारा ज्या महिन्यात वर चढणार, त्याच महिन्यात त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा खर्च. मशीनला काय ढेकळं कळतंय, कोण कधी वर चढणार ते!"

ताईने आळस करून बटण दाबलं की शेजारच्या टेबलावर पेन्सिल वाजायची.

टक... टक...

मग अण्णा खुर्चीसकट सरकत यायचे. खुर्चीचं एक चाक मोडकं होतं, कुईं करायचं. न बोलता ताईच्या हातातला माउस घ्यायचे आणि आकडा परत त्याच्या महिन्यात नेऊन ठेवायचे.

मागच्या थंडीत अण्णा गेले. झोपेतच.

ऑफिसात ताईशी दोन शब्द बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. टेबल आवरलं गेलं, खुर्ची राहिली. ताई दुपारी डबा खायला बसली की ती खुर्ची समोर ओढून घ्यायची. लोक हसायचे. हसू देत.

त्या सुट्टीच्या दिवशी साहेबांनी तिला एकटीला बोलावलं. स्वतः आले नाहीत. फोन आला.

"मॅडम, आराखडा आज बँकेकडे गेलाच पाहिजे. या तिमाहीत नफा दिसला तर कर्जाचा पुढचा हप्ता सुटेल."

"दिसत नाहीये, साहेब."

"मग दाखवा ना! पगार कशाचा घेता? वरच्या मजल्यांच्या बिलाचे येणारे पैसे अलीकडे ओढा. आणि तो लिफ्टच्या खड्ड्याचा कठडा, तो ढकला पुढच्या तिमाहीत."

"लिफ्ट बसायला अजून वेळ आहे, साहेब. तोवर प्रत्येक मजल्यावर तो खड्डा आ वासून उभा आहे. माणसं वावरतायत तिथे."

"आजवर पडलंय का कुणी? नाही ना? तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय वाटतं. बघू मग."

बघू मग! या दोन शब्दांनी जेवढी माणसं मारलीत तेवढी सुऱ्यांनी मारली नसतील.

ताईने फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. साइटवरचा वायरमन. सुट्टी साहेबांना, त्याला कुठली?

"ताई, कठडा कधी येतोय हो? इथे नुसती फळी आडवी टाकलीय. लाईट गेली तर मी थेट तळघरात, जिना न उतरता!" स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला.

"बघते," ताई म्हणाली.

"बघाच. लग्न ठरलंय माझं. नवरा धड पोचवायची जबाबदारी तुमची!"

नोकरी गेली तर घरात बोलायला भिंती होत्या, बाकी कुणी नव्हतं. शेवटी तिने वरच्या मजल्यांचं बिल अलीकडे ओढलं. मग कठड्याचा खर्च उचलला आणि पुढच्या तिमाहीत टाकला. बटण दाबलं, सारखा पसरला. साठवला.

पाणी प्यायला उठली.

परत आली तर...

कठडा याच महिन्यात होता.

आकडा एका चौकटीत, पूर्ण. कोपऱ्यात बारीक कुलूप.

म्हणजे कुणीतरी तो हाताने भरला होता. ताईने बदलांची नोंद उघडली. वेळ होती, रक्कम होती. बदल करणाऱ्याच्या नावाची जागा... रिकामी.

मशीन बिघडलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पुन्हा ढकलला, पुन्हा साठवला. या वेळी उठली नाही. डोळे रोखून बसली.

काही झालं नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की पंखा फिरतोय पण त्याचा आवाज येत नाहीये. खाली रस्ता होता, गाड्या होत्या, त्यांचाही नाही. सगळ्या खोलीवर कुणी गोधडी टाकावी तसं झालं होतं.

आणि त्या शांततेत, शेजारच्या रिकाम्या टेबलावर...

टक... टक...

ताईने मान वळवली नाही. वळवताच येईना. स्क्रीनवर आकडा सरकला. एकेक महिना मागे येत, सावकाश, म्हातारा माणूस जिना उतरतो तसा. याच महिन्यात येऊन थांबला. कुलूप लागलं.

माउस तिच्या हाताखाली होता. हात हलला नव्हता.

"अण्णा!" ताई ओरडली. "माझी नोकरी जाईल हो! तुमचं काय जातंय? तुम्ही सुटलात! मी काय खाऊ? आणि बोलू कुणाशी?"

कुईं...

आवाज अगदी कोपराशी आला. तिने पाहिलं. खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटून उभी होती. रिकामी.

ताईने सीटवर हात ठेवला.

सकाळपासून तिच्याशिवाय ऑफिसात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आणि सीट उबदार होती. आत्ताच कुणी उठून जावं तशी. किंवा... कुणी उठलंच नसावं तशी.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ते कुलूप काढता येतं. ताईने माउसचा बाण त्याच्यावर नेला. कुणी तिचा हात धरला नाही. पेन्सिल वाजली नाही, चाक वाजलं नाही. जे काही तिथे होतं, ते थांबलं होतं. तिचं ती काय करते ते बघत होतं.

ताईने हात मागे घेतला. ओढून आणलेलं बिलही परत त्याच्या महिन्यात ठेवलं. आराखडा होता तसा बँकेला धाडला.

निघताना दिवे बंद केले, खुर्ची तिथेच राहू दिली. "येते, अण्णा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो इथे लिहिण्यासारखा नाही. हप्ता लांबला. साइट बघायला माणूस येणार म्हणून बँकेने कळवलं. आता आराखड्यात कठडा याच महिन्यात, म्हणजे जागेवर दिसायलाच हवा! साहेबांनी दातओठ खात तो बसवून घेतला. ताईचं कंत्राट संपलं आणि संपलंच.

नंतर कधीतरी वायरमनचा फोन आला. आवाजातला खट्याळपणा गेला होता.

"ताई, काल वरच्या मजल्यावर लाईट गेली. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. मी आपला चालतोय, अन् समोर कुणीतरी लोखंडावर वाजवतंय. टक, टक. म्हणून थबकलो. हात पुढे केला तर कठडा. नवा. पलीकडे खड्डा." मग म्हणाला, "एक विचारू? तुमच्या ऑफिसचं कुणी म्हातारं माणूस येतं का हो साइटवर?"

"यायचे," ताई म्हणाली. आणि पुष्कळ दिवसांनी रडली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

गेल्या आठवड्यात, सुट्टीच्या दुपारी, ताईच्या जागी लागलेल्या मुलीने ऑफिसातून फोन केला. दबक्या आवाजात.

"मॅडम, तुम्ही सुट्टीला इथे येता का?"

"नाही गं. का?"

"मी आकडे बटणाने पसरून जाते. आल्यावर बघते तर हाताने भरलेले, कुलपं लावलेली. म्हणून आज मुद्दाम आले. मी बाहेर जिन्यात उभी आहे. आत दोन खुर्च्या वाजतायत. एक त्या मोडक्या चाकाची..."

"भिऊ नकोस. ते अण्णा आहेत."

"अन् दुसरी तुमची. आत बाई हसतेय, मॅडम. आवाज तुमचा आहे."

ताई तेव्हा घरी होती. भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिला शेवटचं हसताना कुणी कधी पाहिलं, हे आमच्या घरात कुणाला सांगता येणार नाही.

हे ऐकून मी काल तिच्याकडे गेलो. ताई बरी आहे. चालते, बोलते. चहा केला. पण मधेच थांबते आणि कान देऊन काहीतरी ऐकते.

"मी तिथे आहे म्हणे," ती म्हणाली. "मजेत आहे. मग इथे कोण बसलंय रे?"

धीर द्यावा म्हणून मी तिचा हात हातात घेतला.

आणि मला ताईने सांगितलेली त्या सीटची ऊब आठवली...

कारण ताईच्या हातात ती नव्हती. अजिबात नव्हती.