केशकर्तनालयाची सात अक्षरं

के

बाबांच्या मनगटावर काळा पट्टा असतो. घड्याळासारखा दिसतो, पण वेळ दाखवत नाही. हात सेकंदाला किती वेळा हलतो आणि दिवसात पावलं किती पडतात, एवढंच तो मोजतो आणि माझ्या फोनमधल्या ॲपला कळवतो. बाबांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. ॲपमध्ये आपणही रोज लिहायचं असतं: गोळी कधी घेतली, हात कसा आहे, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत. दवाखान्यातल्या सिस्टर ते वाचतात आणि त्यावरून डॉक्टर गोळ्यांच्या वेळा पुढेमागे करतात.

मी वजनमापे निरीक्षक आहे. काट्यात पाच ग्रॅमचा फरक सापडला तर तो काटा सील करते. हे आधी सांगते, कारण त्या सोमवारी मी चक्क खोटं लिहिलं.

निमित्त वस्तादचं. वस्ताद म्हणजे बाबांचा चाळीस वर्षांचा दोस्त, धंद्याने न्हावी. तो रोज सकाळी येऊन बाबांची दाढी करून जातो, कारण बाबांच्या हातात वस्तरा देण्यात अर्थ नाही. येत्या रविवारी तो दुकान गल्लीतून मोठ्या रस्त्यावर नेणार होता, आणि नवी पाटी बाबांनीच रंगवायची असा त्याचा हट्ट होता. बाबा आयुष्यभर पाट्या रंगवत आले, पण गेली दोन वर्षं त्यांनी ब्रश धरलेला नव्हता.

"प्लास्टिकवर छापून घे. तासाभरात मिळते," बाबा म्हणाले.

"तुझी दाढी मी मशीनने करतो का?"

"अक्षर वाकडं आलं तर?"

"येऊ दे. माझं गिऱ्हाईक मान खाली घालून बसतं."

बाबा हसले, हात मांडीखाली दाबून. त्यांना ही पाटी करायची होती. वस्तादने आणलेली पाटीची फळी तेवढ्यात दोनदा पुसून झाली होती.

चारच्या नोंदीच्या वेळी मी नेहमी कुठल्यातरी दुकानात असते आणि नोंद राहून जाते. मग सिस्टर बोलतात. म्हणून त्या दिवशी सकाळी डबा भरता भरताच मी ठोकून दिलं: 'हात शांत. ४:०० ते ४:४०.'

संध्याकाळी घरी आले तर पुढच्या खोलीत तेलरंगाचा वास. फळीवर निळा, ओला, खणखणीत 'के'.

"चारला म्हणाला, बघू तरी," वस्ताद सांगत होता. "आणि बसला की गं काढायला. चार-चाळीसला हात परत सुरू, जुन्या बसच्या इंजिनासारखा."

बाबांच्या नाकावर निळा ठिपका होता. तो पुसायचा नाही म्हणाले.

श

योगायोग म्हणतात त्याला. तरी मंगळवारी सकाळी मी तेच वाक्य परत लिहिलं.

चार वाजता मी एका किराणा दुकानात होते. काट्यावर माझं एक किलोचं पितळी वजन ठेवलं आणि आकडे ठरेनात. ९९८, १००३, ९९६.

"मॅडम, तुम्हाला बघून घाबरतोय तो," दुकानदार म्हणाला.

"पंखा बंद करा."

पंखा बंदच होता. दुसरा काटा लावला, तोही तसाच. मग गल्ल्याशेजारची जुनी तराजू काढली, तर तिची सुई थरथरत होती. मी घड्याळ लावून मोजलं. सेकंदाला पाच वेळा.

हा आकडा मी रोज ॲपमध्ये बघते.

चार-चाळीसला सुई जागेवर येऊन थांबली. दुकानदाराने मला पाणी आणून दिलं. घरी 'श' वाळत होता.

क

बुधवारी सिस्टरांचा फोन आला. आवाजावरूनच खूश वाटत होत्या.

"ताई, काकांची रेघ बघितली का? चार ते चार-चाळीस अगदी सपाट. गोळीची वेळ बसली म्हणायची."

"असेल."

"आणि फिरायला जातात ते फार चांगलं. काल त्याच वेळात दोन हजार सहाशे पावलं."

मी वस्तादला विचारलं. तो म्हणाला, "फिरायला? स्टुलावरून हलला नाही. लघवीला जा म्हटलं तर माझ्यावरच खेकसला."

माझा धंदा मापाचा. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना घरापासून त्या किराणा दुकानापर्यंत पावलं मोजत गेले. तेराशे होतात. जाऊन-येऊन किती, ते कुणीही सांगेल.

र्त

त्याच दिवशी, गुरुवारी, अर्धी रजा टाकली आणि ॲपमध्ये काही लिहिलं नाही. बघू या म्हटलं.

चारला बाबा ब्रश घेऊन बसले. हात हलत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरला, मग दोन्ही हलायला लागले. निळ्या रंगाचा फराटा 'क'च्या पोटावरून गेला. वस्तादने फडक्याने तो लगेच पुसला.

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "तीन अक्षरं झाली. 'केशक' म्हणून चालव दुकान."

कुणी हसलं नाही. बाबा खिडकीकडे बघत बसले. तसे ते दोन वर्षं बसत आलेत.

मी स्वयंपाकघरात गेले आणि फोन काढला. 'हात शांत. ४:१५ ते ४:५५.'

बाहेरून वस्तादचा आवाज आला, "हां. असा. आता सोडू नकोस."

आणि माझ्यासमोर, भांड्यांच्या मांडणीवर पालथी घातलेली झाकणं हळूच वाजायला लागली. कुणीतरी बोटांनी वाजवावीत तशी. सेकंदाला पाच. फोनवर सव्वाचारनंतरची पावलं बघितली. नऊ. पुढच्या खोलीतून ओट्यापर्यंत नऊच होतात.

घाबरायला हवं होतं. पण बाहेर बाबा शीळ घालत होते, आणि त्यांची शीळ मी लहानपणानंतर ऐकली नव्हती. मी झाकणांवर हात ठेवून उभी राहिले. थरथर कोमट होती.

ना

शुक्रवारी सराफाच्या दुकानात होते. काचेच्या पेटीतला बारीक काटा, चारही दारं बंद. वारा जायला जागा नाही. तरी पारडी थरथरली.

"गाडी गेली असेल रस्त्यावरून," सराफ म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. "चाळीस मिनिटांनी तपासते."

खुर्ची ओढून बसले. शेजारची खुर्ची कुणी सांगितल्यासारखी जरा सरकवून ठेवली. आम्ही वाट बघितली.

ल

शनिवारी बाबांनी 'ल' अठरा मिनिटांत संपवला. उरलेल्या वेळात सदऱ्याची बटणं स्वतः लावली, काढली, परत लावली. सुईत दोरा ओवला. मग वस्तादला खुर्चीत बसवून त्याच्या मिशा कातरल्या.

"माझ्या मिशा," वस्ताद आरशात बघत म्हणाला. "एक बाजू वर आहे."

"तुझं तोंडच तसं आहे."

दोघं हसून हसून खोकायला लागले. चार-अडतीसला बाबांनी घड्याळाकडे बघितलं आणि कात्री सांभाळून खाली ठेवली.

"अजून थोडा वेळ मिळाला असता ना," ते मला म्हणाले, "तर बरं झालं असतं."

य

शेवटचं अक्षर दुकानातच काढायचं, सगळ्यांसमोर, असं वस्तादने ठरवलं होतं.

सकाळी मी ॲप उघडलं. हात कसा? शांत. किती वाजल्यापासून? चार.

किती वाजेपर्यंत?

हा रकाना मी रिकामा ठेवला.

दुकान खच्चून भरलं होतं. जुनी गिऱ्हाइकं, शेजारचा शिंपी, समोरची औषधवाली, तिची दोन पोरं. पाटी भिंतीला टेकवून उभी. बाबा स्टुलावर बसले. पट्टा मनगटावर. चार वाजले.

ब्रश टेकला आणि एका दमात खाली आला. 'य'चा दांडा असा सरळ, की शिंप्याने मान तिरकी करून बघितली आणि "पट्टी न लावता?" म्हणाला. बाबांनी वर न बघता सांगितलं, "पट्टी तुम्हाला लागते."

लोक हसले, टाळ्या पडल्या. वस्ताद रडत होता आणि साबण डोळ्यात गेला म्हणत होता, हातात साबण नसताना.

मी इकडे-तिकडे बघत होते. पाण्याची बाटली शांत. आरसे शांत. फोनवर चारनंतरची पावलं: अकरा. स्टुलापासून मोजली. भिंतीजवळच्या बाकापर्यंत अकरा.

माणसं दाटीवाटीने उभी होती. बाकाच्या त्या टोकाला कुणी बसलं नव्हतं.

चार-चाळीस झाले. हात शांत.

पाच. शांत.

सहाला आम्ही घरी आलो, मी, बाबा आणि वस्ताद. जिना बाबा कठड्याला हात न लावता चढले. वर पोहोचल्यावर ते मागे वळले आणि जरा थांबले. वस्ताद आणि मी तोवर आत आलो होतो.

"चहा मी करणार," बाबा म्हणाले. "कुणी उठायचं नाही."

आम्ही बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि शीळ. वस्ताद म्हणाला, "हा माणूस उद्या माझी दाढी करतो बघ."

बाबा ट्रे घेऊन आले. थेंब सांडला नाही. वस्तादसमोर काठोकाठ कप ठेवला, माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा ठेवला.

चौथा कप त्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. अर्धाच भरलेला.

"हा अर्धा का रे?" वस्तादने विचारलं.

"पूर्ण दिला तर सांडतो," बाबा म्हणाले, आणि कपाचा कान खुर्चीकडे वळवून दिला.

वस्ताद हसला. पाटीची गोष्ट परत सुरू झाली, शिंपी, पट्टी, सगळं पहिल्यापासून. मीही हसत होते, खरंच.

कप उचलायला गेले तेव्हा चारही रिकामे होते. चौथ्याच्या बशीत चहा सांडला होता, थोडासा.