आमच्याकडून

साहेब आले तेव्हा वहिनी डोळ्यांवर ओला रुमाल टाकून खुर्चीत रेलल्या होत्या. एके काळी त्यांनी चोर पकडले होते. हल्ली त्या कंपन्यांसाठी उमेदवारांची चौकशी करत. माणूस बरा आहे का, चारचौघांत मिसळतो का, आधीच्या ठिकाणी भांडून तर नाही ना निघाला, असलं सगळं. दिवसभर फोन करून करून जीव नुसता मेटाकुटीला यायचा. भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मदतीला येत. ते स्कूटर चालवत, चहा करत, आणि कुठलीही गोष्ट त्यांच्या डोक्यात जरा उशिराच शिरे.

साहेबांची वेबसाइट बनवणारी छोटीशी कंपनी होती. जुनी ओळख, त्यामुळे ते सरळ मुद्द्यावर आले. शुक्रवारी एका डॉक्टरीणबाईंच्या साइटवरचं अपॉइंटमेंट घ्यायचं पान गायब झालं होतं. संध्याकाळी बाईंचा फोन आला, पार तापलेल्या. तो कामावर नव्यानं लागलेल्या बाईंनी उचलला. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत.

"उचलल्या उचलल्या म्हणाल्या, माझ्याकडून चूक झाली, माफ करा," साहेब म्हणाले. "केबिनमधून मी स्वतः ऐकलं. पान उडालं जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा बाहेर कोणी नसतं, ताई तेवढ्या डबा उघडून जागेवर बसतात. आता विचारलं तर म्हणतात, आम्ही नाही केलं."

ताईंच्या उमेदवारीची मुदत उद्या संपत होती आणि उद्याच कायम करायची मुलाखत होती. साहेबांना वहिनींकडून दोन ओळींचा अहवाल हवा होता, म्हणजे ताईंना घरी पाठवताना कोणी बोट दाखवणार नाही.

"काम येतं हो त्यांना," उठता उठता ते म्हणाले. "पण काम काय, हल्ली सगळ्यांनाच येतं. मी माणूस बघतो. येईल त्याला एकच विचारतो, तुमची एखादी चूक सांगा. जो कबूल करेल तो माझा."

भाऊजींना सगळं उघड दिसत होतं. अहवाल इथंच लिहून मोकळे होऊ, असं त्यांनी सुचवलं. वहिनींनी रुमालाची घडी घातली आणि स्कूटरची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. जिन्याला रबराचा वास होता, आणि वहिनी मधल्या वळणावर दम खायला थांबल्या.

कामाचा मुख्य होता त्याला सगळे दाढी म्हणत. ताईंना घ्यायला त्याचाच विरोध होता. इतकी वर्षं घरी बसलेली बाई, तोवर सगळं बदललं, आता शिकवत कोण बसणार? पण शिकवलं त्यानंच, आणि शिकल्या म्हणे भराभर. पान कोणी काढलं ते मात्र त्याला सांगता येईना. सगळे एकाच पासवर्डवर काम करत. कोणी कधी काय केलं त्याची नोंद ठेवायची सोय असते, ती साहेबांनी खर्च नको म्हणून घेतलीच नव्हती. सकाळी पान जागेवर होतं, संध्याकाळी नव्हतं. मधे कधी गेलं ते देव जाणे. त्यानं त्याच रात्री राखून ठेवलेल्या प्रतीतून परत लावलं.

वहिनींनी विचारलं, चुकून जाऊ शकतं का?

दाढी थकल्यासारखा हसला. त्या पानाचं नावच 'जुनं' होतं. डॉक्टरीणबाईंना नवं पान आवडलं नाही, म्हणून परत जुनंच चालू केलं, आणि नाव बदलायचं राहून गेलं. "पण आम्हाला तिघांना पाठ आहे ते," तो म्हणाला. "ताईंना तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जुन्याला हात लावायचा नाही."

दुसरा गडी रेडिओ. तोंड मिटायचं नाही म्हणून नाव पडलेलं. हाताचा घाईचा, सगळ्यांत जास्त संशय त्याचाच यावा असा, आणि त्याला स्वतःलाही स्वतःचाच येत होता. शुक्रवारी काय काय केलं ते त्यानं न विचारता सांगितलं. जेवणाची सुट्टी तर तिघांनी गच्चीवर काढली होती, ताईंची मुलाखतीची तयारी करून घेत. दाढी रंगाच्या डब्यावर साहेब होऊन बसला होता.

"काम विचारलं की धडाधड सांगतात," रेडिओ म्हणाला. "स्वतःबद्दल विचारलं की बोंब. मुलाखतीत मी म्हणावं लागतं, ताई. मी केलं, मी सोडवलं. आम्ही सांगून सांगून दमलो. पण त्यांचं आपलं आम्ही ते आम्हीच."

"फोनवर काय म्हणाल्या?"

"आमच्याकडून चूक झाली म्हणाल्या. मी शेजारीच होतो. मग विचारलं, कोणाकोणाची गैरसोय झाली, आम्ही फोन करून कळवू का त्यांना? बाईंचा आवाज लगेच खाली आला."

वहिनींनी जिन्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी तेच सांगितलं आणि वर बजावलं की यापुढे आपलं काम ताईंकडेच द्या, ती सबबी सांगत नाही. पान कधी गेलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही काय नि मी काय, त्यात एवढं काय आहे, ते भाऊजींना कळेना.

ताई कोपऱ्यातल्या बेसिनवर डबा घासत होत्या. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून घर त्यांच्यावर होतं. किती ठिकाणी मुलाखती दिल्या ते त्यांनी मोजायचं सोडलं होतं. सगळीकडे हसून चहा पाजायचे आणि मग कळवतो म्हणायचे. ही नोकरी गेली तर पुन्हा ते उंबरठे झिजवायची ताकद आपल्यात नाही, असं त्यांनी सरळच सांगून टाकलं.

"गच्चीवर होतात हे साहेबांना का नाही सांगितलं?" वहिनींनी विचारलं.

"त्यांनी कुठे विचारलं? तुम्ही केलंत का, एवढंच म्हणाले. आणि पान कधी गेलं हेच माहीत नाही, तर गच्चीचं सांगून काय होणार?" त्यांनी डबा उपडा ठेवला. "मुद्दाम कोणी नाही करणार हो. हात चुकला असेल कोणाचा तरी आमच्यातल्या."

वहिनी केबिनमध्ये गेल्या आणि भाऊजींना दार लावायला सांगितलं. दार लागल्यावर बाहेरचं काहीच दिसेनासं झालं.

"झाला अहवाल?" साहेबांनी विचारलं.

"दोन ओळींत मावत नाही." वहिनी खुर्चीत टेकल्या. "पान सकाळी होतं, संध्याकाळी नव्हतं. मधे कधी गेलं ते दाढीला माहीत नाही, रेडिओला नाही, ताईंना नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. तुम्ही मात्र मला जेवणाची सुट्टी सांगितलीत."

साहेब म्हणाले, अंदाज केला.

"ताई जागेवर असतील हाही अंदाजच ना? त्या दिवशी तिघंही गच्चीवर होते. खाली तुम्ही एकटे, दार लावून. आणि ताई फोनवर माझ्याकडून म्हणाल्याच नाहीत. त्यांना मी म्हणता येत नाही, तीच तर रड आहे. त्या आमच्याकडून म्हणाल्या. तुम्ही ऐकलंत ते, आणि मला वेगळं सांगितलंत."

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"राहिलं ते पान. नाव जुनं, पण चालू तेच. हे बाहेरच्या तिघांना पाठ आहे. जुनं म्हणून ते कोण काढून टाकेल? ज्याला हे काम येतं, पण हल्ली ज्याला कोणी काही सांगत नाही, तो."

भाऊजींनी साहेबांकडे पाहिलं. माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

"तुमचाच प्रश्न आहे, साहेब," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमची एखादी चूक सांगा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुट्टीत कधी कधी उघडून बसतो," शेवटी साहेब म्हणाले. "ही कंपनी मी एकट्यानं उभी केली, याच हातांनी. अजून जमतं का बघतो. पसारा दिसला, म्हटलं आवरावा. संध्याकाळी फोन आला तेव्हा कळलं मी काय उडवलं ते. सांगायचं होतं. पण ताई माफी मागत होत्या, आणि मला वाटलं, चला, सुटलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

साहेब उठले, दार उघडून बाहेर गेले आणि सगळ्यांच्या मधल्या टेबलावरचा फोन उचलला. दाढीनं मान वर केली. रेडिओसुद्धा गप्प झाला.

"डॉक्टर, शुक्रवारी ते जे झालं, ते आमच्याकडून..." साहेब थांबले. ताई ओल्या हातांनी तशाच उभ्या होत्या. "नाही. माझ्याकडून झालं. मी एकट्यानं केलं. ताईंचा त्यात काही संबंध नव्हता, तरी मी त्यांच्यावर ढकललं. हो, आहेत त्या. आजपासून कायम आहेत."

रेडिओनं खुर्ची पुढे सरकवली तशा ताई मटकन तिच्यात बसल्या. पदराला हात पुसून त्यांनी घरी फोन लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "अहो, मी कायम झाले."

भाऊजींच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ते काहीतरी बोलणार होते, पण वहिनी जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. अजून बरेच फोन करायचे राहिले होते.