नव्व्याण्णव अंश

भिंग आधी मी उचललं होतं. तरी त्या माणसानं ते माझ्या बोटांतून ओढलं, म्हणून मी सरळ सुनावलं, "ओ सर, इथं आमचापण नंबर आहे."

नांदेडला विज्ञान शिक्षकांचं शिबिर चालू होतं. टेबलावर धड भिंग एकच. समोरचा माणूस इतका ओशाळला, की मलाच कसंतरी झालं. हे संगमेश सर. मूळचे इस्लापूरचे, लातूरच्या एका निवासी विज्ञान शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. भिंगाची गणितं झोपेतून उठवलं तरी सोडवतील. पण त्या दुपारी त्यांनी भिंग खिडकीसमोर धरलं आणि बाहेरचं लिंबाचं झाड भिंतीवर उलटं उमटलं... पानंसुद्धा हलत होती. हे बघतच राहिले, एखादं लेकरू बघतं तसे. आणि मी? झाड सोडून त्यांच्याकडं बघत होते. माझं काम तिथंच तमाम झालं.

आमच्या शाळा मात्र दोन टोकांच्या. त्यांच्याकडं प्रवेशालाच परीक्षा. शिवाय दर रविवारी चाचणी आणि सोमवारी मार्कांप्रमाणे जागा – पहिला फळ्यासमोर, शेवटचा दाराशी. मी नायगावात, संस्थाचालक हणमंतरावांच्या शाळेत. आमच्याकडं येईल त्या पोराला आठवीत प्रवेश. अर्धा दिवस प्रयोगशाळेत. पोरं वस्तू जोडतात, मोडतात, मोजतात. दाराशी बसलेल्या पोराला वारं तरी चांगलं लागत असेल, असं मी एकदा चिडवलं. ते चिडले नाहीत.

"मी दाराशीच बसायचो, मॅडम. तिथून एकेक बाक पुढं सरकलो. त्या परीक्षेनं उचललं नसतं तर मला कोणी विचारलं नसतं."

पुन्हा मी त्यांना दारावरून चिडवलं नाही.

मग फोन सुरू झाले. आधी प्रयोगाचं निमित्त, नंतर निमित्तही लागेना. श्रावणात एकदा ते चिंब भिजून आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. मी टॉवेल दिला. त्यांनी केस तसेच ठेवून आधी चष्मा पुसला, तो घातला आणि माझ्याकडं पाहिलं... नीट, सावकाश. मी उगीचच परीक्षानळ्या मोजायला लागले.

बोललं मात्र कोणीच नाही. उदगीरला माझी आई स्थळं बघत होती. लातूरला त्यांच्याजवळ राहणाऱ्या आईला लेक-सून एका घरात नांदताना पाहायचं होतं. आणि मी ही शाळा सोडून लातूरला जाणार नाही, हे त्यांना मी न सांगताच कळलं होतं.

अशातच हणमंतरावांच्या मनात नवं आलं. पालक पोरं काढून लातूरला नेत होते. मग आपणच लातूरसारखी शाळा का करू नये? प्रवेशाला परीक्षा, निवडक पोरं, बाकीच्यांनी दुसरीकडं जावं. आठवीतल्या सगळ्यांची परीक्षा घ्यायची ठरली. पेपर काढायला त्यांनी संगमेश सरांना बोलावलं आणि शाळा बदलली तर मुख्याध्यापक तुम्हीच, असा शब्दही दिला.

चहाच्या गाड्यावर सरांनी मला हे सांगितलं. चहाचा ग्लास त्यांनी तसाच खाली ठेवला.

"इथं आलो, तर घरी बोलता येईल मला... आपल्या दोघांचं. तुम्ही फक्त विरोध करू नका."

खरं सांगते, मला ते हवे होते. इतके, की रोज वर्गात शिरताना मी त्या पोरांची नजर चुकवायची.

परीक्षा झाली. संध्याकाळी आम्ही दोघं पेपर तपासायला बसलो. शिवांगी नावाची पोरगी एका मार्कानं बाहेर जात होती. पाणी किती अंशाला उकळतं, या प्रश्नाला तिनं नव्व्याण्णववर खूण केली होती. सरांनी फुली मारली.

"ती चुकली नाही," मी म्हणाले. "थर्मामीटर बुडवून तिनं स्वतः बघितलंय. नायगाव समुद्रापेक्षा बरंच उंच आहे. इथं पाणी शंभराच्या आधीच उकळतं."

"मला ठाऊक आहे ते. पण पुढच्या मोठ्या परीक्षेत शंभरच लिहावं लागतं. नाहीतर पोरगी तिथं बाहेर पडेल."

तेही खोटं नव्हतं. पण फुली तशीच राहिली. मी पर्स उचलली आणि घरी आले.

सकाळी शिक्षकांच्या बैठकीत मी उभी राहिले. परीक्षा नको, म्हणाले. शिवांगीसारख्या पोरांनी कुठं जायचं, असं विचारलं. सरांकडं पाहायची हिंमत नव्हती. आपल्या हातानं आपलं घर मोडून राहिलेय, एवढंच कळत होतं. हणमंतरावांनी शांतपणे ऐकलं आणि सरांना मत विचारलं.

ते उठून उभे राहिले.

"माझं मत धरू नका, हणमंतराव. लातूरची पद्धत वाईट न्हाई, मी तिच्यातूनच वर आलो. पण इथं ती आणायला निघालो, ते शाळेसाठी न्हाई. मला मंजुश्री मॅडमच्या गावात राहायचं होतं... त्यांच्यासोबत. त्यापायी काल एका पोरीचं बरोबर उत्तर मी चूक ठरवलं."

माझे कान तापले. हणमंतरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि परीक्षा यंदा राहू द्या म्हणाले. मुख्याध्यापकाची जागाही अर्थात त्याबरोबर गेली.

मधली सुट्टी झाली होती. मैदानाच्या कडेला मी त्यांना गाठलं.

"घरी काय सांगू आता?" ते म्हणाले. "आई कशी तयार होणार? तुम्ही इथं, मी तिथं..."

"त्यांच्याशी मी बोलते. आजच येते तुमच्यासोबत. सून नायगावात शिकवते आणि सुट्टीला लातूरला येते, असं तोंडावर सांगते."

"लई अवघड जाईल, मंजुश्री."

"हाव, जाईल," मी म्हणाले आणि सगळ्या पोरांदेखत त्यांचा हात धरला.