निम्मा पल्ला

"ये लवकर, दार उघडं धरलंय," कंडक्टर पंडितनं हाक मारली आणि गंगाखेडची एसटी करकचून थांबली. रस्त्यानं पळणारा माणूस म्हणजे बस चुकलेला माणूस, याबद्दल परभणी जिल्ह्यात कुणाला शंका नव्हती.

हाफपँट, कॅनव्हासचे बूट, थंडीतही घामानं भिजलेला सदरा. तो दाराशी येऊन म्हणाला, "मला यायचं न्हाई. मी पळायलोय."

"कुणाच्या मागं?"

"कुणाच्याच न्हाई."

सगळी बस हसली. खिडकीतली मालनही हसली... तेवढ्यात त्यानं वर पाहिलं, आणि हसू आवरण्याची तिला उगाच घाई झाली.

मालन बी.एस्सी. होऊन दैठण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. राहायची परभणीला मामाकडे, आईवडील गंगाखेडला. चौऱ्याहत्तरचा हिवाळा होता. ज्वारी पोटऱ्यात आली होती, पण मालनला आता शेतं दिसतच नव्हती. बस त्याला आधी सिंगणापूरच्या अलीकडे गाठायची, मग पलीकडे, मग पार पोखर्णीपाशी. त्याचा वेग तर तोच होता. मग गाठ पुढे पुढे कशी पडते? म्हणजे तो परभणीतल्या घरून दर वेळी आणखी लवकर निघतो — उत्तर बरोबर होतं, तरी चैन पडेना. कशासाठी, हे कुठल्याच सूत्रात बसत नव्हतं.

एका सकाळी तो रस्त्यात दिसलाच नाही. पोखर्णी गेली. दैठण्याच्या फाट्यावर ती खट्टू होऊन उतरली — आणि समोर तो, कडुनिंबाखाली, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत.

"आज आम्हाला हरवलंत," ती बोलून गेली.

"तुमी मोजायलात व्हय?"

"सवय आहे. विज्ञान शिकवते."

"मी मुंजाजी. टेलिफोनात दुपारपाळीला असतो. पाळीभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देतो... सोताला बोलता येत न्हाई, म्हणून पळतो."

"आता येतंय की."

तो कानापर्यंत लाल झाला.

मग त्याची परतीची बस येईपर्यंत दोघं तिथं थांबू लागली. त्याला गंगाखेडपर्यंत पळायचं होतं. "एकदम पल्ला वाढवला की पाय जातात, बाई. थोडा थोडा दम वाढवावा लागतो."

बोलण्यातही त्याचं तेच. आधी शाळेची चौकशी, काही दिवसांनी तिच्या गावाची, आणि एकदा नुसतं, "ही निळी साडी..." त्या दिवशी वर्गात मालनच्या हातून खडूमागून खडू मोडला.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा आप्पांचा, तिच्या वडिलांचा, निरोप आला. रविवारी नांदेडचे पाहुणे तिला बघायला येणार होते.

फाट्यावर तिनं ते सांगून टाकलं. मुंजाजी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

"गंगाखेड अजून निम्मं राहिलंय," तो शेवटी म्हणाला.

"त्याचा इथं काय संबंध?"

"तिथवर पळत जायचं... अन् तुमच्या आप्पांपुढं उभं राहायचं, असं ठरवलं होतं. बसनं काय, कुणीबी जातं."

मालन त्याच्याकडे बघतच राहिली. "घामानं निथळणारा, हाफपँटीतला माणूस दारात बघून आप्पा काय करतील, ठाऊक आहे? पाणी पाजून दवाखान्यात नेतील."

तो हसला नाही. "थोडा दम धरा. मी पोचतो."

"तुमचा दम वाढेपर्यंत माझा संपेल," ती म्हणाली. तिनं चेहरा वळवला. "मी नांदेडकरांना नाही म्हणेन. पण का, असं आप्पांनी विचारलं तर काय सांगू?"

लांबून धूळ उडवत त्याची बस येत होती. मैलोगणती पळणाऱ्या त्या माणसाला उभ्या जागी धाप लागली.

"माझं... माझं नाव सांगा."

मालननं पदर सावरला.

"ते मी कसं घेऊ?" ती हळूच म्हणाली. "आता मला तुमचं नाव घेता यायचं नाही. तुम्हीच येऊन सांगा. रविवारी — आणि बसनं."