रंग नेमका कुठे उडाला

"वाईट वाटून घेऊ नका ताई, पण तुमची गिटार नक्कल आहे," पारखी म्हणाले आणि त्यांनी काउंटरवरची लांबट काळी पेटी आत्याकडे सरकवली.

कोपऱ्यातल्या बाकावर तिघं जण गिटारींना तारा चढवत बसले होते. तिघांचेही हात थांबले.

शंकी आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीसाठी आत्याकडे आले होते. शंकीला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून ती शंकी. धाकट्याला कुठल्याच खेळात कोणी धरत नसे, म्हणून तो लिंबूटिंबू. तिसरा त्यांचा आतेभाऊ, डावऱ्या. लिहिण्यापासून गोलंदाजीपर्यंत त्याचं सगळं डाव्या हाताने, अगदी त्याच्या आईसारखं.

दुकान मास्तरांचं होतं, गिटारदुरुस्तीचं. मागच्या खोलीत आत्या मुलांना गिटार शिकवायची. मास्तरांची नजर अधू झाली होती, त्यामुळे महिनाअखेर ते दुकान विकणार होते आणि एक चपलांचा व्यापारी टपून बसला होता. आत्याला दुकान स्वतः घ्यायचं होतं. त्यासाठी ती तिची निळी विकायला तयार झाली होती. निळी म्हणजे आत्याच्या जन्माआधी बनलेली इलेक्ट्रिक गिटार. तसल्या गिटारी आता हातावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि हौशी लोक त्यांच्यासाठी वाटेल ते द्यायला तयार असतात. ती अस्सल आहे एवढं कुणा जाणकाराने सांगायला हवं होतं. म्हणून आत्याने ती पारख्यांच्या हवाली केली होती.

"लाकूड हलकं, आवाज पकडणारे पिकअप अलीकडचे आणि डोक्यावरचं नावही मागाहून चिकटवलेलं," गळ्यातलं भिंग चोळत पारखी म्हणाले. "बघायची आहे का उघडून?"

"नको. झाकण राहू दे," आत्या म्हणाली. पारखी निघून गेल्यावर ती मास्तरांना म्हणाली, "द्या त्या चपलवाल्याला होकार."

मास्तरांनी मान हलवली आणि आत्या शिकवणीच्या खोलीत जाऊन बसली.

"मोठ्या माणसांचं हे असं असतं," शंकी पुटपुटली. "कोणी भिंग घातलं की आपले डोळे मिटून घ्यायचे. मला शंका आहे."

"तुला कधी नसते?" डावऱ्या म्हणाला, पण पेटी त्यानेच बाकावर ओढली.

आत निळी होती. तोच आकाशी रंग, जुना होऊन हिरवटलेला. डावऱ्याने ती सवयीने मांडीवर घेतली, म्हणजे उलटी. डावखुऱ्यांसाठीची गिटार आत्याला लहानपणी मिळालीच नव्हती, त्यामुळे ती साधीच गिटार उलटी धरून वाजवायला शिकली होती. आवाजाची बटणं खाली असतात ती तिच्या हातात वर यायची. डावऱ्यालाही तिने तसंच शिकवलं होतं.

त्याने डावा हात गिटारवर टेकवला आणि वाकून हाताखालचा रंग निरखू लागला.

"काय रे?" शंकीने विचारलं.

"माझा हात जिथे टेकलाय ना, तिथला रंग बघ. नव्यासारखा चकचकीत आहे. आणि उडालाय कुठे? पार दुसऱ्या कडेला. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे."

"आत्याने उजव्या हाताने कधी वाजवली होती?"

"जन्मात नाही."

लिंबूटिंबू एव्हाना बाकापुढे जमिनीवर उताणा पडला होता. डावऱ्याने गिटार उचलताच तो खालून ओरडला, "हिच्या पाठीवर कसले ओरखडे आहेत?"

"कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचे असणार," डावऱ्या म्हणाला. "उभं राहून वाजवणाऱ्यांच्या गिटारीला पडतात."

"पण आत्या तर स्टुलावर बसून वाजवते. आणि तिच्याकडे पट्टाच नाहीये."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही गिटार नक्कलच होती, त्यात पारख्यांचं काही चुकलं नव्हतं. फक्त ती आत्याची नव्हती.

शंकी धावत आत्याकडे गेली. "आत्या, एकदा बाहेर येऊन बघ ना."

"पुरे झालं, शंके. एवढा मोठा माणूस सांगतोय. मला आता तिचं तोंडही बघायचं नाही," आत्या म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

"ठीक आहे," बाहेर येऊन शंकी म्हणाली. "मग खरी निळीच शोधू."

पारख्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. काचेचं दार, थंडगार हवा आणि भिंतभर गिटारी. शंकीने चेहऱ्यावर होता नव्हता तेवढा भाबडेपणा आणला.

"काका, जुन्या गिटारीची किंमत कशी ठरवतात हो? शाळेच्या प्रकल्पासाठी हवंय. सगळे म्हणाले, तुमच्यासारखं कोणी सांगणार नाही."

सगळे म्हणजे कोण, हे पारख्यांनी विचारलं नाही. मास्तरांच्या दुकानात आले तेव्हा बाकावरच्या पोरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तेव्हा ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. ते खुशीत आले.

"पहिलं म्हणजे सगळे भाग मूळचे हवेत. पिकअप, बटणं, खुंट्या, सगळे. एखादाही बदलला की किंमत उतरली. दुसरं म्हणजे मूळचा रंग. उडालेला असला तरी चालेल, पण मूळचा हवा. वरून नवा रंग मारला की अर्धी किंमत पाण्यात. आणि तिसरी झीज. वर्षानुवर्षं हात टेकून रंग उडतो, तो इथे." त्यांनी भिंतीवरच्या गिटारीची वरची कड दाखवली.

"आणि इथे खाली, बटणांजवळ उडाला असेल तर?"

"तसं होत नाही." मग ते थबकले. "तशी एक आहे म्हणा माझ्याकडे. चमत्कारिकच आहे."

कौतुक ऐकलं की माणूस कपाटं उघडतो, तसंच झालं. आतल्या टेबलावरचं फडकं त्यांनी बाजूला केलं. खाली निळी होती. बटणांच्या बाजूच्या कडेचा रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं, हाताच्या घासण्याने गुळगुळीत झालेलं.

"एकदम अस्सल. पण आधीच्या मालकाने कशाने तरी खरवडून इथे घाण केलीय," पारखी म्हणाले. "संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय. त्याआधी रंगारी तेवढा भाग रंगवून देईल. हा बघा, आलाच."

रंगारी डबा आणि पॉलिश पेपर घेऊन आत शिरला. डावऱ्याच्या मुठी आवळल्या. शंकीने त्याच्या पायावर पाय दिला आणि धाकट्यावर खेकसली, "तू कशाला आलास रे मध्ये मध्ये? जा घरी!"

हे आधीच ठरलेलं होतं. लिंबूटिंबू तोंड पाडून दारापर्यंत गेला आणि बाहेर पडताच सुसाट सुटला. पारख्यांनीही त्याला हिशेबात धरलं नाही.

आता वेळ काढायची होती आणि त्यात शंकीचा हात धरणारं कोणी नव्हतं. पॉलिश पेपर कसा बनतो, रंग वाळतो कशाने, रंगारीकाका हे कुठे शिकले, तिने एकाला दुसरा प्रश्न जोडला. रंगारी भला माणूस, प्रत्येकाचं उत्तर देत बसला.

"पुरे आता, काम करू दे त्याला," पारखी वैतागले.

"शेवटची शंका. वरून रंग मारला की अर्धी किंमत पाण्यात, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. मग तुम्ही का मारताय?"

रंगाऱ्याने डब्याचं झाकण परत लावलं आणि तोही पारख्यांकडे बघू लागला.

तेवढ्यात दार उघडलं. आत्या आली, मागून तिच्या खांद्यावर हात ठेवून मास्तर आणि सर्वांत पुढे पेटीला लोंबकळत लिंबूटिंबू. त्याने मास्तरांच्या दुकानात जाऊन एकच वाक्य विचारलं होतं, "आत्या, तू पट्टा कधी घालायला लागलीस?" तेव्हा कुठे आत्याने पेटी उघडली होती.

"ही माझी गिटार आहे," ती टेबलाकडे बघत म्हणाली.

"कशावरून?" पारखी सावरले. "नाव लिहिलंय का तुमचं?"

आत्या स्टूल ओढून बसली, निळी उचलली आणि उलटी मांडीवर घेतली. तिचा डावा हात त्या उडालेल्या रंगावर, जुन्या चपलेत पाय बसावा तसा बसला. कोपरापासून मनगटापर्यंत कुठे बोटभरही फट नव्हती. मग ती वाजवू लागली. डावऱ्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"माझी शिकवणी घ्याल का हो?" दारातून आवाज आला. पारख्यांचं गिऱ्हाईक वेळेआधीच येऊन ठेपलं होतं. पिकल्या केसांच्या त्या बाईंनी जवळ येऊन आत्याच्या हाताखालची झीज निरखली. "डावखुऱ्याने उलटी धरून वाजवलेली! अशी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि ही तुम्ही रंगवायला निघाला होता?"

"गडबडीत अदलाबदल झाली असेल," पारखी कपाळ पुसत म्हणाले.

"हो ना," मास्तर म्हणाले, "आणि गडबडीत ती नक्कल बरोबर हिच्याच पेटीत जाऊन निजली."

"हे बघा, ती नक्कलही ठेवून घ्या, पण बोभाटा करू नका."

"नक्कल त्या ठेवतील. बोभाट्याचं मात्र मी बघते," बाई म्हणाल्या. "या धंद्यातले सगळे मला ओळखतात."

निळी बाईंनीच घेतली, पण व्यवहार आत्याशी झाला. आत्या त्या दिवशी जेवली नाही, तरी दुसऱ्या सकाळी दुकानाचं कुलूप तिनेच उघडलं. चपलांच्या व्यापाऱ्याला नकार कळवताना मास्तर फोनवर गात होते.

"आम्ही मोठे म्हणवतो," ते मुलांना म्हणाले, "पण झाकण उघडून बघायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. शाबास रे पोरांनो."

"आज क्रिकेटला पहिली बॅटिंग लिंबूटिंबूची," शंकीने जाहीर केलं. "आणि आऊट झाला तर आऊट. आजपासून त्याला धरायचं."

लिंबूटिंबूला याहून मोठं बक्षीस नको होतं.

आत्याने ती नक्कल पुसून, नव्या तारा चढवून डावऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"आई, ही खोटी आहे ना?"

"एका बाजूचा रंग त्यांनी खोटा उडवलाय," आत्या म्हणाली. "दुसऱ्या बाजूचा तू खरा उडव."