नऊ सरळ टाके

टेबलावर मृत्युपत्राची तीन पानं होती. डाव्या कडेला काळ्या कापडाची पट्टी, तिच्यावर एकाला एक लागून नऊ टाके, सगळे एका मापाचे. पहिल्या पानावर नावगाव, मधल्यावर वाटणी. शेवटच्यावर वारलेल्या शिंप्याची सही, शाईत बुडालेली मुंगी चालत गेल्यासारखी, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या.

वाटणी अशी, की दुकान आणि वरच्या दोन खोल्या थोरल्या मुलाच्या. त्याच खोल्यांत बापाचं आजारपण काढलेल्या धाकटीने महिनाअखेर बाहेर पडायचं. म्हणून तिने गुप्तहेर बाईंना बोलावलं. सोबत बाईंचे शेजारी मास्तर आले होते. गुन्ह्यातलं त्यांना फारसं कळत नसे, पण ऐकायला ते पक्के.

"घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंस," थोरला बहिणीवर खेकसला. मग त्याची नजर मास्तरांच्या बाहीवरच्या वाकड्या टाक्यांवर गेली. "हे कुणी शिवलं? उसवा आधी. डोळ्यांना टोचतंय."

मास्तरांनी हात पाठीमागे घेतला.

"आणि हे मृत्युपत्र?" बाईंनी विचारलं.

"अप्पांनीच. सुटी पानं त्यांना खपत नसत. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"बोट कशाला, तू दोन्ही हात मारलेस, दादा."

"तू गप. वर्षभर फुकट राहिलीस."

"वर्षभर त्यांना भरवलं. तू जिना तरी चढलास?"

साक्षीदार औषधवाला दुकान बंद ठेवून आला होता, त्यामुळे आधीच वैतागलेला. "पानं शिवून झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांसमोर सही केली. मग आम्ही केल्या. सुईत दोरा मीच ओवला, त्यांना जमेना."

"आत काय लिहिलं होतं?"

"साक्षीदार सही बघतो, बाई. मजकूर वाचावा लागत नाही."

"आणि ही पट्टी?"

"कसली पट्टी? सुई आणि दोरा, बास."

मास्तर कुजबुजले, "सही खरी, साक्षीदार खरा. मग खोटं काय?"

"मधलं पान." बाई थोरल्याकडे वळल्या. "त्यावर सहीच नाही. तुम्ही शिवण उसवलीत आणि तेवढंच बदललंत. बापाच्या भोकांतूनच दोरा ओढला असतात तर सुटला असतात. पण थरथरत्या हाताची ती वाकडी ओळ तुम्हाला बघवेना. परक्याची बाही टोचते, तिथे स्वतःच्या हाताने वाकडं कसं शिवणार? नव्याने सरळ शिवलंत आणि जुनी भोकं झाकायला पट्टी लावलीत. ज्यांना सुई ओवता येत नव्हती, त्यांचे हे टाके नव्हेत."

"अंदाज आहेत सगळे," थोरला म्हणाला. "कोर्टात बघू."

"तिथेच बघायचं. सहीनंतर घुसवलेलं पान मृत्युपत्रात धरत नाहीत. खरं पान मिळालं नाही, तर त्या खोल्यांवर दोघांचा सारखा हक्क."

धाकटीने कमरेच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या.

न्यायाधीशांच्या हुकमावरून कारकुनाने दोन्ही भावंडांसमोर पट्टी उसवली, भिंग लावलं आणि नोंद मोठ्याने वाचली.

पहिल्या पानावर सतरा भोकं. शेवटच्या पानावर सतरा. मधल्या पानावर दहा.